परक्या घरी घडलेले प्रथिन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



तालमीत जाणारी मुले दुधात कच्ची अंडी फेटून पीत, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. 1927 मध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेला असे आढळले, की अंड्याच्या न शिजवलेल्या पांढऱ्या बलकावर पोसलेल्या उंदरांची त्वचा बिघडते, केस गळतात. शिजवलेल्या बलकाने मात्र तसे होत नाही. पुढे कारण उमगले. बलकातील अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला असे घट्ट धरते, की ते शरीराला मिळतच नाही. शिजल्यावर ही पकड सुटते.

हीच पकड आज रोगनिदानाच्या चाचण्यांत उपयोगी पडते. परंतु अंड्यातील अ‍ॅव्हिडिनला शर्करेच्या साखळ्या जडलेल्या असतात. त्यामुळे ते नको तेथेही चिकटते आणि चाचणी फसवते. जीवाणूंना या साखळ्या जोडता येत नाहीत. म्हणून कोंबडीचे जनुक ई. कोलाय या जीवाणूत घालून त्याच्याकडून हे प्रथिन घडवावे, असे आम्ही योजिले.

पहिल्या प्रयत्नात प्रथिन विपुल मिळाले, पण निरुपयोगी. पेशीच्या आत ते नीट घडी न पडता गोळा होऊन बसले होते. घडी टिकवणारा गंधकाचा बंध तेथे जुळत नाही, ही आमची चूक बऱ्याच महिन्यांनी ध्यानात आली. मग जनुकाला एक संकेत-तुकडा जोडून आम्ही ते प्रथिन जीवाणूच्या दोन पटलांमधील पोकळीत धाडले. तेथे बंध जुळला.

शुद्धीकरणाची तऱ्हा आणखी निराळी. बायोटिनवर अडकवावे, तर प्रथिन सोडवता येईना! तेव्हा इमिनोबायोटिन हा त्याचा सौम्य भाऊबंद वापरला. अल्कलीत तो प्रथिनाला धरतो, आम्लात सोडतो.

एवढ्याने मात्र काम संपत नाही. प्रथिन मिळाले म्हणजे ते खरे ठरले, असे नव्हे. रूप तपासावेच लागते. आम्ही त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांखाली पाहिले. चार घटक, प्रत्येकी 128 अमिनो आम्लांचा. प्रत्येकाचे आठ पट्ट्यांचे पिंप आणि त्याच्या एका तोंडाशी बायोटिनची जागा. कोंबडीच्या अ‍ॅव्हिडिनची जी रचना 1993 मध्ये प्रसिद्ध झाली होती, तीच ही. साखळ्या नव्हत्या, पकड मात्र तशीच होती.

आपली मुले दूरदेशी, परभाषेत वाढत आहेत. मराठीपण त्यांच्यात उरेल का, ही चिंता या सभागृहात अनेकदा ऐकली आहे. माणूस म्हणजे प्रथिन नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही प्रयोगशाळेने आम्हांस एवढे शिकवले, की अंगावरचे अलंकार गळाले म्हणून घडण मोडत नाही. पण घडण होण्याजोगी जागा कोणीतरी करून द्यावी लागते. आपल्या मंडळाने गेली पन्नास वर्षे तीच जागा राखली आहे.