खडकातील वाटा



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आठवीच्या वर्गात एकदा दोन दगड टेबलावर ठेवले. एक आपल्या बेळगाव परिसरातला जांभा. दुसरा, वायूच्या बुडबुड्यांनी खळगे पडलेला काळा दगड. दोहोंवर त्यांनी पाणी ओतले. जांभ्यातून ते झिरपून खाली आले. काळ्या दगडाचे वरचे खळगे भरले आणि उरलेले पाणी बाजूने ओघळून गेले. "भोके दोघांनाही आहेत, मग असे का?" एवढे विचारून सर थांबले. पुढे डॉक्टरेटनंतर परदेशी विद्यापीठात मी तीन वर्षे जे संशोधन केले, ते या प्रश्नाचेच होते.

खडकात पोकळी किती, ही त्याची सच्छिद्रता. आणि त्या पोकळ्यांतून द्रायू, म्हणजे द्रव अथवा वायू, किती सुलभतेने वाहतो, ही त्याची पार्यता. फ्रान्समधील दिजाँ शहराचे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूच्या थरांतून पाणी सोडून या प्रवाहाचा नियम १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. भूजलाचा आणि खनिज तेलाचा हिशेब आजही तेथूनच सुरू होतो. नॉर्वेने १९९६ मध्ये उत्तर समुद्राच्या तळाखालील वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइड साठविण्यास आरंभ केला. तो वायू कोठवर पसरेल, हे सांगण्यासाठीही पार्यताच ठाऊक असावी लागते.

माझे काम अमेरिकेतील ओहायो राज्यात मिळणाऱ्या बेरिया वालुकाश्मावर होते. त्याच्या दीड मिलिमीटर बाजूच्या घनाची क्ष-किरणांनी त्रिमितीय प्रतिमा घ्यावयाची, तिचे साडेबारा कोटी सूक्ष्म घन पाडावयाचे, प्रत्येक घन खडक की पोकळी हे ठरवावयाचे आणि मग संगणकावर त्यातून पाणी वाहवावयाचे. सारी अडचण 'ठरवावयाचे' या शब्दात आहे. कण आणि पोकळी यांच्या सीमेवर प्रतिमेत करडी छटा असते. ती कोठे तोडावी, हे संशोधकाच्या हाती असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाने तिच्यातून केवळ सोळावा हिस्सा पाणी जाते. तेव्हा सीमारेषा किंचित सरकली तरी उत्तर पार बदलते.

मी ती सरकवली. प्रयोगशाळेत मोजलेली पार्यता मला आधीच ठाऊक होती. उत्तर तिच्याशी जुळेपर्यंत मी छटा बदलत राहिलो, आणि जुळताच शोधनिबंध लिहून काढला. नेमणुकीची मुदत संपत आली होती. हे कारण झाले, समर्थन नव्हे. पुढे त्याच सीमारेषेने दुसऱ्या नमुन्याचे गणित केले, तर उत्तर मोजमापाच्या तिप्पट आले. पोकळ्यांना जोडणाऱ्या अरुंद खिंडी मी, नकळत म्हणणे खोटे होईल, होत्या त्याहून रुंद करून टाकल्या होत्या.

दोन दिवस मी कोणास काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही उत्तरे मार्गदर्शकांपुढे ठेवली. त्यांनी निबंध बाजूला सारला आणि मोजमापांचे आकडे एका सहकाऱ्याच्या कपाटात ठेवून नव्याने आरंभ करावयास सांगितले. या वेळी एक आकडा आला नाही, एक पट्टा आला. मोजलेली पार्यता त्याच्या कडेला बसत होती. तसेच छापले. मुदतवाढ मात्र मिळाली नाही.

सरांचे ते दोन्ही दगड प्रयोगशाळेच्या कपाटात अद्याप आहेत, असे मुख्याध्यापकांनी मघाशी सांगितले. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना यावयाचे असेल, त्यांनी माझ्याबरोबर यावे. पाण्याचा तांब्या घेऊन येतो.