मन वाचणाऱ्याला किती कळू द्यायचं?

मी जयपूरच्या झोटवाड्यातून बोलतोय. मागे हॉर्नचे आवाज येतील, ते रस्त्यावरचे, त्याला इलाज नाही.

आमच्याकडे रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि निवाडा देणारा. हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक जण एक पात्र घेतो, ते काय करतंय ते तोंडाने सांगतो, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. आज मला बोलायचंय ते सायोनिक पात्राबद्दल, म्हणजे नुसत्या मनाच्या ताकदीवर चालणाऱ्या पात्राबद्दल. अशा एका पात्राने माझा डाव जवळजवळ मोडला होता.

ही पात्रं पहिल्यापासून डोकेदुखीच आहेत. १९७६ साली एल्ड्रिच विझार्ड्री या पुरवणीत मनोशक्ती आल्या. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात त्या परिशिष्टात गेल्या, आणि त्या मिळणं फाशांवर. मटका लागला की तुम्ही बाकीच्यांपेक्षा फुकटात वरचढ! २००४ च्या एक्सपांडेड सायोनिक्स हँडबुकात चांगला लगाम होता: पॉइंट कितीही साठलेले असोत, एका शक्तीवर एका वेळी आपल्या लेव्हलपेक्षा जास्त खर्च करायचे नाहीत. बरेच लोक नेमका हाच नियम वाचत नाहीत आणि मग सायोनिक्सच्या नावाने बोटं मोडतात. पाचव्या आवृत्तीसाठी २०१५ ते २०१७ या काळात ‘मिस्टिक’ नावाचा क्लास चाचणीला दिला होता. तो लढायचा, जखमा भरायचा, मनंही वाचायचा. बाकीच्यांनी करायचं काय? तो छापील पुस्तकात आलाच नाही. २०२० मध्ये त्याऐवजी योद्धा, चोर आणि सॉर्सरर यांना थोडी थोडी मनोशक्ती वाटून दिली.

मी मात्र हौसेने तोच मिस्टिक शेजारच्या मुलाला खेळायला दिला. माझी भाची चोर होती, कुलपं उघडणारी, माग काढणारी. गोष्ट एका हवेलीतली, सोन्याचं कडं चोरीला गेलेलं. भाचीने तीन रविवार खपून वहीत सगळ्या नोकरांच्या वेळा टिपल्या होत्या. चौथ्या रविवारी हा पठ्ठ्या एकेकाच्या मनात शिरला आणि दहा मिनिटांत चोर हजर. ना मंत्र, ना हातवारे, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. भाचीने फासे डबीत भरले. “मामा, मग मी कशाला येऊ?” पुढच्या रविवारी ती आली नाही.

मी आधी चुकीचाच उपाय केला. पाचव्या लेव्हलला त्याला २७ पॉइंट होते, ते मी निम्मे केले. झालं काय, तो लढाईत हात आखडू लागला आणि सगळे पॉइंट मनं वाचायला राखून ठेवू लागला. मी टोकलं तर म्हणाला, “अंकल, काम तो इसी से होता है ना!” खरंच होतं. रहस्य फोडायला एकदा मन वाचलं तरी पुरतं.

उत्तर सापडलं ते वडिलांच्या कपाटात, पातंजल योगसूत्रांत. विभूतिपादात दुसऱ्याचं चित्त जाणण्याची सिद्धी आहे, आणि लगेच पुढे तिला मर्यादाही घातली आहे: चित्ताची अवस्था कळते, ते कशात गुंतलंय ते कळत नाही. (काही प्रतींत ही मर्यादा सूत्र म्हणून न देता भाष्यात धरतात. तो वाद पंडितांचा, माझं काम भागलं.) म्हणजे माणूस घाबरलाय हे कळेल. कशाला घाबरलाय, ते शोधायला जावं लागेल.

मी तोच नियम केला. पॉइंट पूर्ण परत दिले, गुपचूप मन वाचण्याची सोयही ठेवली, पण उत्तर एकाच शब्दात: भीती, लोभ, लाज, माया. मुलगा कुरकुरला, त्याला वाटलं पंख छाटले. मी म्हटलं, दोन रविवार खेळून बघ.

भाचीला फोन करून बोलावलं. नवी चोरी, हवेली तीच. त्याने पहारेकऱ्याचं मन वाचलं: भीती. झडप घालून धरला. भाचीने त्याची खोली पाहिली तर अंथरूण अजून गरम! बिचारा पहाऱ्यावर झोपला होता, एवढंच. मग मालकाची आत्या. तिच्या मनात काय? माया. मुलगा तिला सोडून पुढे गेला. भाची मात्र तिथेच थांबली आणि म्हणाली, “माया कुणावर, ते बघू दे.” तिने हिशेबाची वही चाळली. दागिना आत्याच्या आईचा होता, भावाने परस्पर गहाण टाकलेला. तो परत येताच आत्याने उचलला. आपलीच वस्तू घेतली असं ती धरून चालली होती, त्यामुळे भीती कुठली?

त्या दिवशी डाव संपायला साडेआठ वाजले. मुलगा भाचीच्या वहीत डोकं घालून बसला होता, पुढच्या वेळी कुणाचं मन आधी वाचायचं ते तिलाच विचारत.