मोठ्यांनी धाकट्यांना वाचून दाखवावे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हांला मुलांच्या वाचन उपक्रमाविषयी दोन शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही काही वक्ते नाही. जे घडले तेवढेच सांगतो.

वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. आपल्या कितीतरी आयाबायांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत धम्म पोचला तो असा, कानांनी.

दोन वर्षांपूर्वी एकदा वाचणारे काका आजारी पडले. आम्ही कौतुकाने चौथीतल्या एका मुलाला पुढे बसवले. ग्रंथ त्याला जड गेला, म्हणून त्याच्याच शाळेचे पुस्तक हातात दिले. तेही जमेना. पोरगं रडायलाच लागलं आणि त्याची आई मान खाली घालून बसली. चारचौघांत मुलाला असे उभे करणे ही आमची चूक होती, हे आधी कबूल करतो. पण त्या रात्री आम्हां कुणालाच नीट झोप लागली नाही. शाळेत रोज जाणाऱ्या मुलाला वाचता येऊ नये?

हे एकट्या आपल्या वस्तीचे दुखणे नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. आपण शहरात राहतो, पण आपल्या मुलांची स्थिती फार निराळी नाही.

मग आम्ही काय केले? क्लास काढला! फळा आणला, हजेरी घेतली, शुद्धलेखन घातले. तीन आठवड्यांत निम्मी मुले गळाली. एका चिमुरडीने तोंडावर सांगितले, "शाळेत पण तेच अन् इथं पण तेच, मग येऊ कशाला?" तिचे खरे होते.

अशा वेळी बाबासाहेबांच्या बालपणाची आठवण झाली. धम्मग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितले आहे की, वडील रामजी त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला ग्रंथ वाचायला बसवीत आणि बहिणींना व घरी कथा ऐकायला येणाऱ्या मंडळींना तो भाग सांगायला लावीत. पुढे विद्यार्थी भीमरावांचा सत्कार झाला, तेव्हा दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बंधूंनो, जगातला एवढा मोठा वाचक घडला तो आधी घरच्यांना वाचून दाखवता दाखवता! मग आपल्या पोरापोरींनी का नाही?

म्हणून फळा उतरवला आणि आठवी ते बारावीच्या मुलामुलींना बोलावले. पहिल्या रविवारी सहाजण आले, आज अकरा आहेत. ऐकणारी मुले पंचवीस-तीस असतात. रविवारी संध्याकाळी वंदना झाली की पाच मिनिटे शांत बसायचे, मग एका ताई-दादाभोवती दोन-तीन मुलांनी बसायचे. वीस मिनिटे वाचन, की संपले. नियम चारच. गोष्ट आधी घरी दोनदा वाचून यायचे. चित्र मुलांकडे करून पुस्तक धरायचे. पुस्तक मुलांनी निवडायचे, तेच ते पाच वेळा मागितले तरी वाचायचे. आणि शेवटी प्रश्न विचारायचे नाहीत, परीक्षा घ्यायची नाही.

पुस्तके पत्र्याच्या पेटीत ठेवतो. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तके स्वस्तात मिळाली. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. जातककथा तर आपल्या घरच्याच.

समितीतल्या काही ज्येष्ठांचा याला विरोध होता, हेही सांगितले पाहिजे. विहारात शांतता हवी, पोरं खिदळतात, असे त्यांचे म्हणणे. ते चुकीचे नव्हते. त्यांनी अट घातली की चपला ओळीत लावायच्या आणि उठताना सतरंजी झाडून घडी घालायची. ती अट मुले आजही पाळतात. खिदळणे मात्र थांबलेले नाही!

आता मुख्य गोष्ट. नववीत नापास झालेला एक मुलगा आमच्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "काका, मलाच नीट वाचता येत नाही." आम्ही त्याला बारा पानांचे चित्रांचे पुस्तक दिले. एरवी त्या वयाच्या मुलाच्या हातात असले पुस्तक दिसले तर मित्र हसले असते. पण 'बारक्यांना वाचून दाखवायचंय' म्हटल्यावर लाज कसली? तीन रात्री त्याने ते घरी घोकले. आज तो लांब गोष्टी वाचतो. परवा मराठीत पास झाला, गणित अजून राहिलेच आहे. आणि तो चौथीतला मुलगा? वर्षभर ऐकणाऱ्यांत बसला. मग एके दिवशी दादाच्या हातातून पुस्तक ओढून म्हणाला, "पुढचं पान मी." आम्हांला वाटले होते की मोठी मुले धाकट्यांवर उपकार करतील. प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांना वर काढले.

अडचण एकच. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की वाचणारेच उरत नाहीत. गेल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये उपक्रम बंद ठेवावा लागला आणि लहान मुले दारात येऊन परत गेली. ते बघवले नाही. म्हणून ज्या घरात आठवी-नववीचे मूल आहे, त्या प्रत्येक घराने त्याला आठवड्यातून एक तास विहाराला द्यावा, ही हात जोडून विनंती. मुलगी असेल तर 'घरात काम आहे' म्हणून तिला अडवू नका. जयंतीला आपण हार-फुले आणतो, 'एक वही, एक पेन' देतो. यंदा त्यासोबत लहान मुलांचे एक पुस्तकही आणा.

आपल्या आयांनी ऐकून धम्म घेतला. त्यांच्या नातवंडांना ऐकता ऐकता वाचता यावे, एवढीच मंगल कामना करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!