शाळा सुटल्यावर मुलांचा चार्ज कोणाकडे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सदस्य, निवृत्त शिक्षिका यांनी केलेले भाषण)



सगळ्यात आधी 25 वर्षं पूर्ण केल्याबद्दल आपल्या सर्वांचं अभिनंदन. आजच्या दिवशी गोड बोलावं असा रिवाज आहे. पण समितीने मला "मुलांविषयी बोला" असं सांगितलं, म्हणून थोडं कामाचंही बोलते.

आपली वस्ती कोराडीची. इथे बहुतेक घरांत कोणी ना कोणी वीज केंद्रात आहे, होतं किंवा तिथल्या ठेकेदाराकडे आहे. त्यामुळे चार्ज म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. शिफ्ट सुटताना जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो. काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर लक्ष ठेवायचं, हे लॉगबुकात लिहितो. बदली माणूस आला नाही, तर जाणारा जागा सोडत नाही. आणि परमिट घेतल्याशिवाय दुरुस्तीला कोणी हात लावत नाही.

आता मला सांगा, आपल्या मुलांचा चार्ज कोण कोणाला देतं? शाळा सुटली की शाळेची जबाबदारी संपली. व्हॅनवाला गेटवर सोडून जातो. आई नागपूरहून यायला सात वाजतात, बाबा दुसऱ्या पाळीला गेले असले तर रात्रीच येतात. मधले तीन-चार तास कोणाचे? आजी-आजोबा असले तर ठीक. नाही तर ट्युशन, नाही तर मोबाईल, नाही तर जिन्यात पोट्ट्यांचा धिंगाणा. आपल्याच सोसायटीतल्या दोन सुनांनी याच तीन तासांपायी नोकरी सोडली. त्यांची तक्रार नाही, पण त्या खुशीने घरी बसल्या असंही नाही.

तुम्ही म्हणाल, सरकारचे काही नियम असतील ना? आहेत. पण ते कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, ते बघा.

पाळणाघरांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 मध्ये किमान निकष काढले. जागा किती, सेविका किती, खाणं कसं, हे त्यात आहे. पण ते सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. अंगणवाडीही तिथेच थांबते. शिक्षण हक्क कायदा 2009 सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, पण तो शाळेच्या घंटेपर्यंत. कोचिंग क्लाससाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा, शिकवणारा किमान पदवीधर, खोटी आश्वासनं नकोत, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, असं पुष्कळ आहे. पण कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासाहून जास्त विद्यार्थी असलेलं. आणि खेळ, नाच, नाटक असे वर्ग त्यातून वगळलेले.

म्हणजे सहा ते सोळा वयाचं मूल, दहा-पंधरा जणांची बॅच, कोणाच्या तरी हॉलमध्ये. नेमकी आपल्या मुलांची ही गोष्ट दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. तिथे तपासायला कोणी येत नाही. एक कायदा मात्र सगळीकडे लागू आहे, तो 2012 चा पॉक्सो. मुलाशी गैरप्रकार झाल्याचं कळूनही न कळवणं हा त्यात गुन्हा आहे. पण तो कामी येतो ते काही घडल्यावर. मला घडण्याआधीचं बोलायचं आहे.

2016 मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिली. तिथे कॅमेरा होता. त्याने मारहाण थांबवली नाही, नंतर फक्त दाखवली. म्हणून "कॅमेरा लावला, झालं" असं कोणी म्हटलं की मी विचारते, त्या खोलीत दुसरं मोठं माणूस होतं का?

ऑस्ट्रेलियात आपल्यातल्या काहींची मुलं-नातवंडं आहेत. तिथे शाळेनंतरच्या केंद्रांनाही 2012 पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं लागू आहेत. शाळकरी मुलांसाठी पंधरा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. केंद्राला सात बाबींवर दर्जा मिळतो, आणि तो आईबापांना बघता येतो. एवढं मोठं तंत्र आपल्याला उभारता येणार नाही. पण दर्जा ठरवायचा, तपासायचा आणि सगळ्यांना दिसेल असा लावायचा, एवढं तर सोसायटीला जमतं. आपल्या हिशेबाचं दरवर्षी ऑडिट होतं, 'अ' वर्ग मिळाला की सर्वसाधारण सभेत टाळ्या वाजतात. पैशाचं ऑडिट होतं, मग मुलांच्या संध्याकाळचं का नको?

सोसायटीचा हॉल संध्याकाळी मुलांसाठी द्यायचा, हा विषय येत्या सभेत आहे. हॉल द्यावा, असं माझं मत आहे. पण परमिटशिवाय नको. त्या परमिटवर सहा गोष्टी असाव्यात.

पहिली, रजिस्टर. मूल किती वाजता आलं, किती वाजता गेलं, कोणासोबत गेलं. पालकांनी नाव दिलेल्या माणसाशिवाय मूल कोणाच्या हाती द्यायचं नाही. मूल आलं नाही, तर पंधरा मिनिटांत फोन.

दुसरी, पंधरा मुलांमागे एक ताई किंवा दादा, आणि मुलं पाचच असली तरी मोठी माणसं दोन. दार उघडं.

तिसरी, काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, आणि आधी जिथे काम केलं तिथे विचारपूस.

चौथी, वेळेची वाटणी. आधी खाणं आणि थोडा आराम, मग खेळ, मग गृहपाठ. शाळेनंतर दुसरी शाळा नको. पुण्यात सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात 1985 पासून मुलं शाळेबाहेरच्या वेळात खेळायला, गायला, हाताने काही करायला येतात. आणि आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. पिण्याचं पाणी, कूलर, स्वच्छ संडास आणि प्रथमोपचाराची पेटी हवीच.

पाचवी, पालक कधीही न सांगता येऊन बघू शकतील. तक्रारवही असेल, आणि 1098 हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर मुलांच्या उंचीवर, भिंतीवर लिहिलेला असेल.

सहावी, दर सहा महिन्यांनी तिघांची तपासणी. एक समितीतला, एक पालक आणि एक बाहेरचा, शक्यतो शिक्षक. निकाल नोटीस बोर्डावर. जिथे कमी पडलं तिथे महिन्याभराची मुदत, नाही तर हॉल बंद.

यावर मला दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या. एक म्हणजे, "आपल्याच काकू आहेत, त्यांची काय तपासणी करायची?" अहो, तपासणी म्हणजे संशय नव्हे. उद्या कोणी काकूंवर खोटा आळ घेतला, तर रजिस्टर आणि सोबतचं दुसरं माणूसच त्यांना वाचवेल. नियम मुलांना राखतो, तसा काकूंनाही राखतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. समजा तीस मुलं, महिना 800 रुपये फी. 24,000 झाले. दोघींना प्रत्येकी 9,000 मानधन दिलं, तर 6,000 उरतात. त्यात खाऊ, वीज आणि साहित्य बसवावं लागेल. ओढाताण आहे, पण अशक्य नाही. मात्र माझी एक अट आहे. आपल्या चौकीदाराची आणि धुणी-भांडी करणाऱ्या मावशींची मुलंही याच हॉलमध्ये बसतील, आणि त्यांच्या फीचा भार सोसायटी उचलेल. त्यांची संध्याकाळ तर आपल्याच घरांमुळे रिकामी असते.

सहकार म्हणजे फक्त मेंटेनन्स आणि पाण्याची मोटर नाही. एकट्या घराला जमत नाही ते सगळ्यांनी मिळून करायचं, यासाठीच आपण 25 वर्षांपूर्वी एकत्र आलो. तेव्हा सभेला या, विचारा, वाद घाला, माझ्या सहा गोष्टींत सातवी घाला. पण "बघू पुढच्या वर्षी" म्हणून विषय ढकलू नका. पुढच्या वर्षी आज सहा वर्षांचं असलेलं मूल सात वर्षांचं झालेलं असेल.