व्हिप पक्षाचा, मत लोकांचं



जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली, की गावच्या माणसाला आपला सदस्य भेटेनासा होतो. फोन बंद. घरी विचारावं, तर उत्तर येतं, ‘सहलीला गेलेत.’ मग पक्षाचा माणूस व्हिप, म्हणजे मत कुणाला द्यायचं याचा लेखी पक्षादेश, घेऊन येतो, कुलूपबंद दारावर तो चिकटवतो, पंचनामा करतो, फोटो काढतो. सदस्यानं पक्षाविरुद्ध मत दिलं, तर पुढे अपात्रतेच्या सुनावणीत वाद रंगतो तो याच कागदावर: व्हिप मिळाला होता की नव्हता?

या सुनावणीमागे कायदा आहे. आमदार-खासदारांसाठी 1985 साली 52वी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. नगरसेवक, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे सदस्य यांच्यासाठी महाराष्ट्रानं 1986 चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम केला. स्वेच्छेनं पक्ष सोडला किंवा पक्षादेश झुगारून मत दिलं, तर सदस्यत्व जाऊ शकतं. महापालिकेच्या प्रकरणात निर्णय विभागीय आयुक्तांचा, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचा.

हा कायदा हवाच. त्याच्याशिवाय घोडेबाजाराला धरबंधच राहणार नाही. पण वाद चालतो तो पक्ष आणि सदस्य यांच्यात. ज्यांनी रांगेत उभं राहून मत दिलं, त्यांचं म्हणणं कुणी विचारत नाही. व्हिप मोडला तर पद जातं. प्रभागाच्या पाण्यासाठी पाच वर्षं सभेत तोंड उघडलं नाही, तरी सदस्याच्या केसालाही धक्का लागत नाही! मला ही मोठी उणीव वाटते. उलट प्रभागाच्या हितासाठी एखाद्या ठरावाविरुद्ध हात वर करणाऱ्या नगरसेवकालाच व्हिपची भीती. दिनेश गोस्वामी समितीनं 1990 मध्येच, विधिमंडळांच्या संदर्भात, व्हिप मोडल्याबद्दलच्या अपात्रतेची तरतूद विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावासारख्या मोजक्या मतदानापुरती ठेवावी असं सुचवलं होतं. महापालिकेतही व्हिप पदाधिकाऱ्यांच्या निवडीपुरता आणि अर्थसंकल्पापुरता असावा. पाण्याच्या, कचऱ्याच्या ठरावावर सदस्याला मोकळं सोडा.

आणि पक्ष सोडायचाच असेल, तर आधी राजीनामा द्यावा आणि पुन्हा लोकांसमोर उभं राहावं. ज्या चिन्हावर मतं मागितली, ते चिन्ह टाकून खुर्ची तेवढी ठेवणं ही मतदारांची फसवणूक आहे.

आपल्या हातीही काही आहे. गावात ग्रामसभा आहे. शहरांसाठी तशीच, मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद 2009 साली कायद्यात आली, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. आपल्या नगरसेवकाला लेखी पत्र द्या, क्षेत्रसभा बोलवायला सांगा, आणि कोणत्या ठरावावर कोणत्या बाजूनं मत दिलंत, हे तिथं सगळ्यांसमोर विचारा.