बेत कागदाचा, माप माणसाचें

पुण्याच्या बुधवार पेठेंत तुळशीबागेच्या राममंदिराभोंवतीं जो बाजार भरतो, त्यांत तयार मॅक्सींचे ढीग लागलेले असतात. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांत घोट्यापर्यंत पोंचणाऱ्या पोशाखाला हें नांव पडलें. महाराष्ट्रांत मात्र तें घरीं वापरावयाच्या सैल, लांब झग्याला चिकटलें. त्यालाच कोणी गाऊन म्हणतात. असें तयार वस्त्र सहज मिळत असतां तें घरीं शिवण्याचा खटाटोप कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, तयार वस्त्र सर्वांसाठीं शिवलेलें असतें, आणि एखाद्या व्यक्तीची गरज सर्वांच्या गरजेहून अगदीं निराळी असूं शकते.

याच पेठेंतील एखाद्या जुन्या वाड्यांतलें घर डोळ्यांपुढें आणावें. सासूबाईंचें वय ऐंशीच्या घरांत. जन्मभर त्या लुगडें नेसल्या. आतां उजवा खांदा आखडल्यामुळें हात डोक्यावर जात नाहीं. लुगडें नेसण्यास रोज दुसऱ्याचा हात लागतो, आणि तयार मॅक्सी तर डोक्यावरूनच घालावी लागते. खोलीचें दार लावून सुनेकडून वस्त्र चढवून घेणें त्यांच्या मनाला लागतें. त्या बोलून दाखवीत नाहींत, एवढेंच. येथें प्रश्न शोभेचा नाहीं. एका वृद्ध स्त्रीच्या स्वावलंबनाचा आहे.

सुनेला शिवणयंत्र चालवितां येतें, पण बेतणें तितकेंसें येत नाहीं. अशा वेळीं विकतचा कागदी नमुना उपयोगी पडतो. अमेरिकेंतील एबनेझर बटरिक या शिंप्यानें १८६३ सालीं निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास आरंभ केला, आणि घरगुती शिवणकामाचें स्वरूप पालटलें. गळ्याचा बांक, मुंढ्याची गोलाई, बाहीचा उतार हीं कठीण कामें असा नमुना आयतीं करून देतो. परंतु तो काढलेला असतो एका कल्पित स्त्रीसाठीं. अमेरिकन नमुन्यांतील ही स्त्री सुमारें ५ फूट ५ ते ६ इंच उंच धरलेली असते. वाड्यांतल्या सासूबाई जेमतेम ५ फूट. म्हणून कागद प्रमाण मानून कापड कापणें हाच पहिला प्रमाद होय. कागदावर चूक झाली तर दुसरा कागद डकवितां येतो. कापडावर कात्री चालली कीं गेलेलें परत येत नाहीं.

प्रथम फीत घ्यावी. खांदा, काखेखालून वरची छाती, पूर्ण छाती, कंबर, नितंब, दंडाचा घेर आणि खांद्यापासून घोट्यापर्यंतची उंची अशीं मापें लिहून ठेवावीं. नमुना निवडतांना खांदा आणि वरची छाती यांना जुळणारा घ्यावा. खालचा घेर वाढविणें सोपें, खांदा सुधारणें अवघड. योक, म्हणजे खांद्याची निराळी पट्टी, असलेला नमुना या कामाला उत्तम. नंतर कागदाचें माप शरीराच्या मापाशीं ताडून पाहावें. शिवणींत जाणारी माया तेव्हां वजा करावी. अमेरिकन नमुन्यांत ती बहुधा ५/८ इंच धरलेली असते, कांहीं नमुन्यांत मुळींच नसते. छातीवर ४ ते ६ इंच सैलपणा राहिला म्हणजे घरच्या वस्त्राला पुरे.

उंची कमी करावयाची ती केवळ खालून कापून नव्हे. तसें केल्यास खिसा मांडीवर उतरतो आणि खालचा घेर व्यर्थ जातो. नमुन्यावर उंची वाढविण्या-घटविण्यासाठीं आडवी दुहेरी रेघ दिलेली असते, तेथें कागदाला घडी घालावी. १ इंचाची घडी २ इंच उंची घेते. ४ इंच घटवावयाचे तर अशा दोन घड्या पुरतात. बाजूची तुटलेली रेघ मग पट्टीनें सलग करून घ्यावी. वाड्यांतले जिने अरुंद आणि उभे असतात. वस्त्राची कड जमिनीपासून ३ इंच वर राहिली तर पाय अडकण्याचें भय उरत नाहीं.

चालतांना पाऊल मोकळें पडावें म्हणून योकच्या खालच्या प्रत्येक भागाचा कागद उभा चिरून २ इंच फांकवावा. पुढचे दोन आणि मागचे दोन मिळून घेर ८ इंचांनीं वाढतो, आणि वरची वाढ योकला जोडतांना चुण्यांत जिरते. हात मोकळा हवा म्हणून मुंढा खोल करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. खोल मुंढ्याची बाही हात उचलतांच सारें वस्त्र वर ओढते. त्यापेक्षां बाहीचा कागद मधोमध चिरून १ इंच रुंद करावा, आणि ती वाढ खांद्यावर बारीक चुण्यांत घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचा फेरफार उघडण्याचा. पुष्कळ नमुन्यांत पाठीवर चेन असते. आखडलेल्या हाताला ती निरुपयोगी. पाठीची मधली रेघ सरळ असल्यास तिची माया दुमडून पाठ घडीवर अखंड कापावी. पुढच्या मधल्या रेघेबाहेर पाऊण इंच बटणांसाठीं वाढवावा आणि आंत दुमडण्यास आणखी २ इंच ठेवावे. आतां वस्त्र पुढून पूर्ण उघडतें. घालतांना दुखरा हात आधीं, काढतांना शेवटीं. बोटांत जोर कमी असेल तर मोठीं बटणें किंवा टिचबटणें लावावीं. शेवटचें बटण गुडघ्याशीं असावें, म्हणजे वांकावें लागत नाहीं.

एवढें झाल्यावरहि नव्या कापडाला हात लावूं नये. मांजरपाट किंवा जुनी चादर बेतून धावदोऱ्यानें जोडावी आणि अंगावर घालून बसावें, उठावें, जिना चढावा. नवें सुती कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच घ्यावें. तें आटावयाचें असेल तर आधींच आटूं द्यावें. नमुन्यावरील बाणाची रेघ कापडाच्या उभ्या धाग्याशीं जुळवावी, नाहींतर वस्त्र अंगावर पिळवटतें.

चादरीचा झगा अंगावर येतांच सासूबाई म्हणतील, “अग, हें घालून मी दारीं आलेल्या माणसापुढें कशी जाऊं?” हें मापहि घेतलें पाहिजे, तें फितीवर येत नाहीं. सून बाही कोंपरापर्यंत ठेवील, आणि विटलेल्या इरकली लुगड्याचा काठ धुऊन योकला व खालच्या कडेला लावील. जपमाळ आणि चष्मा राहील असा खिसा शिवील.

मग एके दिवशीं सकाळीं सून नेहमींप्रमाणें दाराशीं येईल, तों सासूबाई बटणें लावून देवापुढें बसलेल्या असतील. त्या दिवशीं त्या शिवणकामाचें मोल चुकतें झालें असें समजावें.