विणकामाच्या खोलीतील बालवर्ग



बालवर्ग म्हटला की खेळणी, चित्रे, गाणी यांची जुळवाजुळव आधी मनात येते. ही सामग्री हवीच. परंतु चार वर्षांचे मूल आज आले आणि उद्या पुन्हा आले, तर बहुधा तेथील एखाद्या माणसाच्या ओढीने येते. एका डोंगरी मुलखातील चर्चने सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी चालविलेल्या बालवर्गांची हकीकत या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे.

फ्रान्सच्या आल्सास प्रांतात, व्होज डोंगरात वाल्डर्सबाख नावाचे खेडे आहे. १७६७ साली ओबरलिन हे तरुण पाळक तेथे आले. जमीन निकस, हिवाळा लांबलचक, रस्त्यांची दैना. आईबाप कामाला गेले की धाकटी मुले दिवसभर वाऱ्यावर. जवळच्या बेलमाँ गावी सारा बांझे ही तरुणी आपण होऊन मुले जमवून त्यांना विणकाम शिकवीत असे. ओबरलिन यांनी १७६९ मध्ये तिचेच काम चर्चच्या आश्रयाखाली घेतले, आणि आसपासच्या खेड्यांतही तसे वर्ग निघाले. शेगडीने ऊबदार केलेल्या खोलीत ते भरत. लोकांनी त्यांना नावही त्या शेगडीवरूनच दिले.

थोरली मुले विणीत, धाकटी जवळपास खेळत. विणताना कथा चाले, गाणे चाले, चित्रे व नकाशे पाहणे चाले. हवा बरी असली म्हणजे वनस्पतींची ओळख करून घेण्यासाठी रानात फेरी निघे. गरिबाघरी मोज्यांचा उपयोग होताच. पण शिक्षणाच्या दृष्टीने विणकामाचा गुण वेगळा आहे. बुजरे मूल समोर उभे करून प्रश्न विचारला तर गप्प बसते. तेच मूल बाईंच्या गुडघ्याशी बसून, सुटलेला टाका त्यांच्याकडून उचलून घेताना, घरी वासरू झाल्याची बातमी न विचारता सांगते. आपल्याकडे विणकामाच्या जागी चिंचोके मोजणे, पानांची पत्रावळ लावणे किंवा शेंगा सोलणे चालेल. दोघांचे हात एकाच कामात असले म्हणजे झाले.

शिकविणाऱ्या स्त्रिया त्याच मुलखातल्या होत्या, ही गोष्ट महत्त्वाची. मुलांची बोली त्यांना परकी नव्हती. ओबरलिन यांचा भर पुढे शुद्ध फ्रेंच रुजविण्यावर होता. तो जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. घरची भाषा दारात काढून ठेवावी लागली, तर मूल निम्मे बाहेरच राहते.

सारा १७७४ मध्ये, तिशीच्या आतच वारली. पुढे हे काम मुख्यतः लुईझ शेप्लर हिने वाहिले. ती पाळकांच्या घरी कामाला आलेली खेड्यातली मुलगी. हिवाळ्यातही डोंगरवाटांनी ती एका खेड्याहून दुसऱ्या खेड्याला जात असे. १८२९ साली फ्रेंच अकादमीने तिचा पाच हजार फ्रँकच्या पारितोषिकाने गौरव केला, तेव्हा ओबरलिन यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. योजनेचे नाव पाळकांचे झाले खरे. मुलांना रोज दिसणारा चेहरा मात्र लुईझचा होता. बदल्यांच्या धांदलीत बालवर्गाची बाई वर्षात तीनदा बदलली तर मुलांचे काय होते, याचा विचार शाळा तपासणाऱ्यांनीही करावा.

आपल्या मुलखात याच वाटेने जाणारे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा आरंभ केला. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. महागड्या साधनांऐवजी पाने, खडे, शिंपले पुढे आले. १९५७ पासून डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत हे काम सुरू झाले. तेथील काही मुलांना गुरे सोडून येता येत नव्हते. त्यांच्यासाठी वर्ग कुरणावरच भरू लागला, आणि गुरे शेजारी चरत राहिली.